भोंग्यातली हाक

अमरावतीच्या फुलांच्या प्रदर्शनात यंदा नवीन यंत्रंही मांडली होती. बोलक्या भोंग्यापुढं खुशालरावानं बायकोला चिडवलं, "घे न यातून माह्यं नाव! दर्यापूरपर्यंत आयकू येईन." मनकर्णा लाजून फुलांच्या मांडवात पळाली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची माय सांगायची.

दुपारी तोच मांडव पेटला. ती कशीबशी बाहेर पडली, तर नवरा तिलाच शोधायला आत शिरलेला. भोंगेवाल्यानं तिला ओढून भोंग्यापुढं उभं केलं. "बाई, नाव घेऊन हाक मारा! तुम्ही बाहेर आहात हे त्यांना कळू द्या!"

"अजी!" ती ओरडली. "अजी, बाहेर या न!"

भोंग्यातून आवाज घोगराच निघाला, आणि आख्ख्या वऱ्हाडात बाया नवऱ्याला 'अजी'च म्हणतात. हाक ऐकून धुरातून चौघंजण धावत बाहेर आले. त्यात तिचा नव्हता.

"नाव घ्या, बाई, नाव!" भोंगेवाला विनवत राहिला. तिनं पुन्हा 'अजी'च म्हटलं.

संध्याकाळी शिपायानं बाजेवरची चादर बाजूला सारली. "नाव काय यांचं?"

"खुशालराव," मनकर्णा म्हणाली, इतक्या मोठ्यानं की भोंग्याची गरजच पडली नसती.