पिन मारलेली पानं

“हे परीक्षेला नाही,” म्हणत विज्ञानाच्या बाईंनी स्तनांच्या वाढीची दोन पानं लेकीच्या वर्गाला पिन मारून बंद करायला लावली होती. संध्याकाळी आईच्या कपाटात तिला महिनाभराच्या गोळ्या सापडल्या, पाकीटही न फोडलेलं. “अगं आई, हार्मोन रोखायच्या गोळ्या ना या? बंद केल्यास?” “छातीतली गाठ काढली ना? मग कशाला? अंगाची नुसती भट्टी होते!” “डॉक्टरांना विचारलंस?” “त्यांना कसं विचारायचं असलं? लाज वाटते मला!” लेकीचं डोकंच सणकलं. तिने दप्तरातून पुस्तक ओढलं, नख तुटलं तरी पिन उचकटली आणि ठणकावून वाचलं, “हेच हार्मोन स्तन वाढवतं आणि काही कर्करोगांत उरलेल्या पेशींनाही पोसतं.” वर स्वतःचं जोडलं, “तुझा त्यातलाच!” आईने पाणी मागितलं, गोळी गिळली आणि हळूच म्हणाली, “पिन परत मारून ठेव हं. बाई ओरडतील.”