युरोपची निर्यात आणि पोतनिसांच्या मुली

"गलत आहे हे. बिल्कुल गलत!" सुधाकरराव पोतनिसांनी मुक्ताच्या लॅपटॉपवर बोट आपटलं आणि पोह्याचा तेलकट ठसा उमटवून ठेवला.

मुक्ता इंदूरच्या एका कंपनीचं काम घरून करायची. प्लायवूड, एमडीएफ असला लाकडी माल व्हिएतनाम किती निर्यात करतो आणि युरोप किती, याची तुलना तिला उद्या पाठवायची होती. वडिलांचं उज्जैनमध्येच, देवास गेटला प्लायवूडचं दुकान. खरं तर आठवडाभर ते तिच्याशी धड बोलत नव्हते. लेकीला त्याच गावातल्या, नानाखेड्याला राहणाऱ्या हिंदी घरातल्या तन्मय पोरवालशी लग्न करायचं होतं. बाबा नाही म्हणाले तर मीही नाही म्हणेन, असं तिनं तन्मयला स्पष्ट सांगून ठेवलं होतं आणि तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती. पण प्लायवूडचा विषय निघाला आणि सुधाकररावांना काही राहवेना.

"युरोप एवढा मोठा कसा आला?"

"तिथल्या सगळ्या देशांची निर्यात जोडली, बाबा."

"तिथंच फसलीस! जर्मनीनं पोलंडला माल दिला, तो युरोपच्या बाहेर गेला का? या खोलीतलं कपाट त्या खोलीत नेलं, एवढंच. घरातल्या घरात! व्हिएतनाम एकटा देश, त्याचा माल खरोखर हद्दीबाहेर जातो. दोघांना माप एकच लाव. युरोपचा आपसातला व्यवहार काढून टाक, मग बघ."

मुक्तानं काढला. आलेखातला युरोपचा उंच खांब झरकन खाली आला.

"बाप रे! हे असंच पाठवलं असतं तर लाजच गेली असती माझी."

सुधाकरराव खूश झाले. इतके खूश, की अबोला विसरून आपणच त्या नको असलेल्या विषयावर आले.

"हे बघ मुक्ता, मी काही कोत्या मनाचा नाही. पूर्वज महाराष्ट्रातून दरबारच्या चाकरीत इथं आले, तेव्हापासून आपल्या घरानं मुली कुठं कुठं दिल्या! ग्वाल्हेर, झाशी, बडोदा. तुझी धाकटी आत्या तर थेट हैदराबादला. पण पोरवाल... अगं, ते आपल्यातले नाहीत गं."

मुक्ताचे डोळे भरून आले. तिनं लॅपटॉप मिटला.

प्रतिभाताई नवऱ्याच्या पोह्यांवर शेव घालत होत्या. लग्न होऊन त्या ग्वाल्हेरहून इथं आलेल्या. त्यांनी विचारलं, "हैदराबादला कुणाकडे दिली हो वन्संना?"

"सरपोतदारांकडे. तुला माहीत नाही?"

"आणि झाशीची?"

"बिनीवाल्यांकडे."

"म्हणजे घरातल्या घरातच की. मी एवढी ग्वाल्हेरहून आले, तर इथं देवही तेच आणि आमटीही तीच. बाहेर किती गेल्या, सांगा ना."

"मुली म्हणजे काय प्लायवूड आहे?" सुधाकरराव भडकले.

"मोजायला तुम्हीच बसलात. मी फक्त तुमचंच माप लावलं."

सुधाकरराव मोजू लागले. आत्या, चुलतबहिणी, पुतण्या, सगळ्या मनातल्या मनात आठवून झाल्या. एकही मराठी घराबाहेर गेलेली सापडेना. इतक्या पिढ्या इथं काढल्या आणि या गावातल्या एकाही घराशी नातं जोडलं नाही. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"नंबर दे त्या तन्मयच्या वडिलांचा," शेवटी ते म्हणाले.

मुक्तानंच फोन लावून दिला. पलीकडून पोरवालजी मोठ्या अगत्यानं बोलले, प्रकृतीची विचारपूस केली. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो उज्जैनमधल्या मराठी माणसाला जन्मभर कुणी ना कुणी विचारतंच.

"भाईसाब, वैसे आप लोग मूल कहाँ के?"

याचं उत्तर पोतनिसांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं होतं: साताऱ्याचे. सुधाकररावांनी तो सातारा एकदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून.

त्यांनी मुक्ताकडे पाहिलं.

"यहीं के हैं, पोरवालजी. उज्जैन के."