एकाच मळ्यातली

वाइनच्या स्पर्धेत मोठ्या बहिणीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा धाकटीनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. तळहात लाल झाले, तरी थांबली नाही.

"ऐंशी वर्षांच्या वेली, एकच मळा," परीक्षक पेला उजेडाकडे धरून म्हणाले. "ही चव कोवळ्या मुळांतून येत नाही, महाराज!"

कोवळी मुळं म्हणजे आपली, हे धाकटीला कुणी सांगायला नको होतं.

वडिलांनी वाटणी केली तेव्हा आजोबांनी लावलेला जुना मळा ताईला दिला आणि उताराचा तुकडा हिला. उतारावरच्या वेली हिनंच लावलेल्या, बारा वर्षांच्या. छाटणी, बांधणी, फवारणी, सगळं हिच्या हातचं. पण हिची द्राक्षं दरवर्षी एक दलाल टेम्पोत भरून न्यायचा. कुठल्याशा कारखान्यात त्यांचा रस होतो म्हणे. ताईची वाइन परीक्षकांच्या पेल्यात आणि हिची द्राक्षं पोरांच्या डब्यातल्या बाटलीत!

ताईनं मळ्याभोवती पुरुषभर उंच भिंत घातली होती. तोडणीच्या दिवसांत तर सख्ख्या बहिणीलाही आत प्रवेश नाही. रस्त्यावरून दिसायचा तो फक्त भिंतीवर आलेला हिरवागार पाला. त्या पाल्याकडे पाहिलं तरी धाकटीच्या पोटात दुखायचं.

समारंभात तिच्याही हाती पेला आला. तिनं एक घोट घेतला आणि डोळे भरून आले. इतकी चांगली होती. चांगली आणि घरची. तिनं उरलेली कुंडीत ओतली. ताई मंचावरून खाली उतरली, पण हिच्याकडे न बघताच पुढे गेली.

"बघितलंस? आता तर ओळखही दाखवत नाही," गाडीत बसल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

"गर्दी होती गं."

"मला नाही करायची ही रसाची शेती. उपटून टाकते सगळं. गवत लावीन, गाई पाळीन. पण तिच्या भिंतीच्या सावलीत द्राक्षं नाही पिकवायची."

"एकदा ताईंशी बोल तरी."

"तिच्या मेहरबानीवर जगते का मी?"

नवऱ्यानं गाडी सुरू केली. ही एकदा हट्टाला पेटली की कुणाचं ऐकत नाही, हे त्याला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.

सोमवारी जेसीबी आला. बुधवारी दुपारपर्यंत उतार उघडाबोडका झाला. उपटलेल्या वेलींचा ढीग घराएवढा झाला. मुळांना ओली माती लटकत होती. धाकटी कमरेवर हात ठेवून उभी होती. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात ताई आली. पायात घरातल्या सपाता, केस सुटलेले. ढीग बघितला आणि ती मातीतच फतकल मारून बसली. हुंदके देऊन रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

धाकटीला आत कुठेतरी बरं वाटलं. ते लपवायचीही तिला गरज वाटली नाही.

"तुला गं काय झालं रडायला? तुझा मळा तर शाबूत आहे."

"शाबूत?" ताईनं पदरानं नाक पुसलं. "सात वर्षं झाली, नुसता पाला. रोग लागलाय. एक घड धरत नाही. तुझा हा उतार बघून जीव जळायचा माझा. तोंडानं मागायची लाज वाटली, म्हणून दलाल घातला मध्ये."

"म्हणजे?"

"तो टेम्पो कुठल्या कारखान्यात जात नव्हता गं. माझ्या भिंतीआड रिकामा होत होता."