पुढच्या शनिवारी या

नव्या फादरांनी जाळीपलीकडून माझी पापं ऐकली. वर्गात चिडलो, प्रार्थनेत लक्ष नव्हतं, वाचनालयाचं पुस्तक मुदतीत परत केलं नाही.

"मास्तर, गेल्या शनिवारी पण हेच सांगितलंत की. वर्षातनं एकदा पापकबुली द्यावी, एवढाच चर्चचा नियम हाय. तुम्ही दर आठवड्याला कशाला येताय?"

नुसतं बरं म्हणून उठणार होतो. पण बोलून गेलो.

"फादर, माझी बायको सेसिलिया वारली, त्या महिन्यात मी जीव द्यायला कळंब्याच्या तलावावर गेलो होतो. धीर झाला नाही. तुमच्या आधीच्या मिनेझिस फादरांपुढे ते कबूल केलं. वाटलं, मोठं प्रायश्चित्त देतील. ते म्हणाले, 'प्रायश्चित्त एवढंच, पुढच्या शनिवारी या.' पुढच्या शनिवारीही तेच म्हणाले. सहा वर्षं तेच. त्यांची बदली झाली, त्या आठवड्यातसुद्धा. किती शनिवार यायचं, ते विचारायचा मला संकोच वाटला. बरंच झालं."

आता हे मला वर्षातून एकदाच बोलावणार, अशी भीती वाटली.

"मास्तर," फादर म्हणाले, "पुढच्या शनिवारी जरा लवकर या. चहा घेऊनच जावा."