भिमाबाईंची भक्ती

घणसोलीतल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये भिमाबाईंची शोकसभा होती. नवरा सिताराम पहिल्या रांगेत बसला होता. माइक हातात आला की सेक्रेटरी नंदकिशोर तो लवकर सोडत नसत.

"बिचाऱ्या व्हीलचेअरवर होत्या. वाढदिवस, हळदीकुंकू, भजन, कशाकशाला म्हणून या हॉलवर आल्या नाहीत. पण गणपतीचे दहा दिवस सगळ्यांच्या आधी हजर! बौद्ध असून केवढी भक्ती!"

बायकांनी डोळे पुसले. मग सितारामला बोलायला उभं केलं.

"भक्ती कसली, साहेब? तिला चार माणसांत बसायचं असायचं." सिताराम नंदकिशोरांकडे वळला.



"मूर्तीची ट्रॉली चढवायला तुम्ही हॉलच्या पायऱ्यांवर फळ्या टाकायचात, आणि मी दरवर्षी हात जोडले तरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काढायचात."