सहा बोटांचा हातमोजा

लेकीच्या डाव्या हाताला सहा बोटं दिसल्यापासून सासूबाईंचं एकच पालुपद होतं, "हे तुझ्या माहेरचं. आमच्यात असलं काही नाही." डॉक्टर म्हणाले, "बाळाला काही त्रास नाही. हे आईकडून येतं, तसं वडिलांकडूनही." तरी सासूबाईंनी परस्पर बोट काढायची तारीख ठरवली. मी हातमोजे शिवते. बोटं मला डोळे मिटूनही कळतात. नवऱ्याच्या डाव्या करंगळीशेजारी गुळगुळीत वण आहे. लहानपणी दारात बोट चेंगरलं, असं त्याला सांगितलेलं. आज तो हात मी सासूबाईंपुढे धरला. "आई, हे दारानं केलं?" त्यांचा चेहरा उतरला. "कापलं की संपेल, असं वाटलं होतं गं." "बोट कापता येतं. रक्तात आलेलं कसं कापाल?" तारीख रद्द करून मी कापड पसरलं आणि हातमोजा बेतला, सहा बोटांचा. आता या घरात कात्री कापडावरच चालेल.