दहापैकी नऊ वेळा

"उडवला! नवव्यांदा उडवला!" काडीमास्तरने टाळी वाजवली.

पडद्यावरच्या रस्त्यात टोपीवाला म्हातारा आडवा झाला होता. रस्ता खोटा, म्हातारा खोटा. गाडीचे डोळे आणि डोकं मात्र खरं. सोमवारी हेच डोळे लावून बिनड्रायव्हरची गाडी ऑफिससमोरच्या रस्त्यावर धावणार होती. साहेबांची सही तेवढी बाकी होती.

काडीमास्तर पन्नाशीचा. पडद्यावरच्या गाडीला छळायचं, हेच त्याचं काम. त्याने धुकं सोडलं, चेंडू टाकला, कुत्रं सोडलं, ट्रकच्या पाठीवर धावत्या माणसाचं चित्र चिकटवलं. गाडी कशाला म्हणून फसली नाही. मग त्याने हा म्हातारा आणला. हा रस्त्याच्या मधोमध थांबतो, खिसा चाचपतो, परत फिरून दोन पावलं जातो. गाडीला वाटतं, गेला बुवा. ती वेग घेते. तेवढ्यात म्हातारा गर्रकन वळून पुन्हा पुढे. धाड! दहापैकी नऊ वेळा.

"असं येड्यासारखं कोण चालतं रे?" साहेब भडकले. "माझी सही अडवायला कसलीही माणसं बनवतोस? काढून टाक त्याला. जेवून आलो की सही करतो."

"काढतो की, साहेब," काडीमास्तर अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला.

सहीचा कागद हातात घेऊन साहेब निघाले. दारापाशी थांबले. खिसा चाचपला. टेबलाकडे दोन पावलं परत आले. पाकीट दुसऱ्या खिशात लागलं, तसे गर्रकन वळले.

खोलीतले सगळे एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा साहेबांकडे.

काडीमास्तरने बटण दाबलं. म्हाताऱ्याची टोपी गेली, दाढी गेली. उरला चौकडीचा शर्ट आणि सुटलेलं पोट.

"दहा दिवस खिडकीतून शूटिंग केलंय, साहेब. तुम्ही जेवायला रस्ता ओलांडता ना, त्याचं. रोजचं एकेक."

साहेबांनी पडद्यावरचं ते पोट बघितलं, मग स्वतःचं. मग कागद ड्रॉवरमध्ये टाकून त्यांनी ड्रॉवर लावला.

"सोमवारचं रद्द," ते म्हणाले. आणि मग हळूच, "एकदा वाचलो तो कसा रे?"

"त्या दिवशी तुम्ही वळलाच नाहीत, सरळ माघारी आलात. पाकीट खरंच विसरला होतात."